पानावरचं मौन

“पानावर बसलीस की तोंड फक्त घासासाठी उघडायचं. हूं नाही, चूं नाही. मान हलवायची नाही, हातवारे करायचे नाहीत. खुणा म्हणजे हातानं बोलणंच. आणि बोललीसच, तर पान तिथंच सोडून उठायचं. मग दुसऱ्या दिवशी देवापुढं दिवा लागेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही.”

सासूबाईंनी हे व्रत माझ्या ओटीत घातलं तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मी विचारलं, “आणि जेवताना पेशंटनं हाक मारली तर?”

त्या हसल्या. नर्सची सासू होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. “मग ऊठ की. व्रत तुझं आहे, पेशंटचं नाही. त्याला कशाला शिक्षा? तू उपाशी राहा.”

चातुर्मासापुरतं घेतलं होतं, ते पुढं बारमाही झालं. सकाळचा दत्ताचा जप, तुळशीला पाणी आणि दुपारचं मौनाचं जेवण. या तीन गोष्टी मी जिथं बदली होईल तिथं ट्रंकेबरोबर घेऊन जात असे.

वडसावंगीच्या ग्रामीण रुग्णालयातही त्या माझ्याबरोबर आल्या. किनवटच्या पलीकडं, सागाच्या जंगलाला लागून असलेलं ते गाव. जिल्ह्याच्या प्रशिक्षण केंद्रानं मला तिथं वर्षभरासाठी पाठवलं होतं. नव्यानं लागलेल्या सिस्टरांना बाळंतपणाचं काम हाताला धरून शिकवायचं, त्या एकट्या पडल्या तर पाठीशी उभं राहायचं, असं माझं काम. सकाळभर मी बोलत असे. रबराच्या बाहुलीच्या तोंडावर मास्क बसवून दाखवायचा, “मान जास्त मागं नको गं, छाती वर येतेय का बघ,” असं शंभरदा सांगायचं. बोलून बोलून घसा कोरडा पडला की औषधाच्या कोठीशेजारच्या खोलीत पाट मांडून मी पान वाढून घेई आणि गप्प होई.

आणि मी गप्प झाले की पोरी बोलायला लागत.

हे कसं सुरू झालं मला सांगता येणार नाही. पहिल्यांदा त्या मला हसवायला यायच्या. डॉक्टरसाहेबांची नक्कल करायच्या, कुणी माझ्यापुढं लोणच्याची फोड धरून “हवी का? नुसती मान हलवा ना,” म्हणायची. मी बधत नाही म्हटल्यावर हसणं संपलं, पण येणं संपलं नाही. मग एकेकटी यायला लागली. कुणाचं लग्न मोडलेलं, कुणी इंजेक्शन देताना थरथरलेली, कुणाला घरची आठवण. मी रागावणार नाही, सल्ला देणार नाही, मध्ये तोंड घालणार नाही याची पक्की खात्री असल्यासारख्या त्या माझ्यासमोर बसून सगळं सांगायच्या आणि माझं जेवण आटोपायच्या आत उठून जायच्या. नंतर मी आपणहून विषय काढायचा नाही, हेही ठरून गेलं होतं.

आमच्या फिलोमिना सिस्टर त्यावर म्हणायच्या, “बोरगावकरबाई, जेवताना तुम्ही अगदी आमच्या चर्चमधल्या फादरसारख्या दिसता. फरक एवढाच, पापं ऐकताना ते वरणभात खात नाहीत.”

वनिता गवारे मात्र कधी आली नव्हती. अंबाजोगाईकडची पोर. अंगानं किरकोळ, कामाला चोख. बाहुलीवर मास्क धरायला बसली की जणू खरंच कुणाचा जीव हातात आहे अशी कपाळाला आठी घालून बसायची. इतर पोरी तिला चिडवायच्या, “वने, बाहुलीला बारशाला बोलाव आता.” ती हसायची नाही, चिडायचीही नाही.

त्या दिवशी मी पोळी मोडून दोडक्याच्या भाजीला लावली, हात जोडले आणि पहिला घास घेतला. तेवढ्यात ती आत आली. दार लोटून घेतलं. डबा आणलेला नव्हता. समोर रिकाम्या सलाईनच्या खोक्यावर बसली आणि म्हणाली, “सिस्टर, मी उद्या गावी जाते. परत येणार नाही.”

मी घास चावत राहिले.

“सुंदराचं बाळ गेलं, ते तुम्हाला माहीत आहे.”

माहीत होतं. परवा सकाळी मी उपकेंद्रावर गेले होते. परत आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. सुंदरा मडावी, पहिलटकरीण, बाळ जन्मायच्या आधीच वार सुटलेली. वनितानं काय काय केलं ते मी तिच्याकडून टप्प्याटप्प्यानं ऐकून घेतलं होतं. कुठंही चूक नव्हती. तसं मी तिला सांगितलंही होतं. ती “हो सिस्टर” म्हणाली होती आणि पुढच्या कामाला लागली होती.

“पण सुंदराला माहीत नाही,” वनिता म्हणाली.

माझा हात पानावर थांबला.

“तिला रक्त जात होतं. मी बाळाला पिशवीनं श्वास देत होते, गिरजामावशी तिचं पोट चोळत होत्या. आणि ती सारखी विचारत होती, बाई, लेकरू काहून रडंना? तुम्ही शिकवलंय ना सिस्टर, आईला घाबरू द्यायचं नाही, तिच्याशी बोलत राहायचं. मी बोलत राहिले. म्हटलं, रडेल, अशक्त आहे, त्याला काचेच्या पेटीत ठेवायचंय. आपल्याकडं पेटी कुठंय?”

बाहेर कुणीतरी हौदावर बादली आपटली.

“मग ते गेलं. डॉक्टरसाहेब आले, त्यांनी तिचं रक्त थांबवलं. ती ग्लानीत होती. नवरा नि सासू बाळाला घेऊन गेले, ओढ्यापलीकडं मातीत ठेवून आले. सासू म्हणाली, ओली बाळंतीण आहे, आत्ता सांगू नका, घरी नेल्यावर आम्ही बघू. डॉक्टरसाहेब म्हणाले, घरच्यांच्या मनानं घ्या. मीपण बरं म्हटलं. खरं सांगू? मला सुटल्यासारखंच वाटलं.”

ती बोलत होती आणि तिची नजर माझ्या पानावर होती, माझ्या तोंडाकडं नव्हती.

“दोन दिवस तिला सांगतेय, पेटीत आहे, झोपलंय, बरं आहे. आज तिला दूध उतरलं, सिस्टर. छाती नुसती दगड झालीय. तिनं हातानं पिळून वाटीत काढलं आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, पेटीत नेऊन पाजा बाई, माह्या वासाचं हाय, ते पिईल.” वनितानं दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले होते, ते सरळ करून ती त्यांच्याकडं बघत राहिली. “मी वाटी घेतली. बाहेर आले. आणि मग कुठं जाऊ? मोरीत ओतायला गेले, ओतवेना. लशींच्या फ्रिजमध्ये ठेवलीय. त्यात खायचं-प्यायचं काही ठेवायचं नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. पण मला टाकवेना.”

माझ्या जिभेवर वाक्य येऊन उभं होतं. ‘तू घरी जा पोरी, मी सांगते तिला.’ अशी वाक्यं मी आजवर कितीदा बोलले होते. ज्या रुग्णालयात मी असे तिथं असलं काम माझ्याकडंच येई. बोरगावकर सिस्टर नीट सांगतात, असं सगळे म्हणत. एक दिवस उपाशी राहण्याचं मला काय मोठं? मी घास पानात ठेवला आणि तोंड उघडलं.

“बोलू नका!”

वनिता एवढ्या जोरात म्हणाली की तिची तीच दचकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “बोलू नका सिस्टर, पाया पडते. तुम्ही बोललात की तुम्हीच जाल तिच्याकडं. तुम्ही छान सांगाल. पाठीवरून हात फिरवाल, ती तुमच्या गळ्यात पडून रडेल. आणि मी कोण राहीन? तिची वाटी घेऊन गेलेली बाई. मग मला कुठल्याच बाळंतिणीपाशी उभं राहता यायचं नाही. म्हणून तर तुम्ही पानावर बसेपर्यंत थांबले मी.”

मी तोंड मिटलं.

ती माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघत होती. मान हलवावी, निदान डोळ्यांनी तरी काही सांगावं असं वाटत होतं, पण मी नजरही हलू दिली नाही.

“आधी काय सांगू?” तिनं विचारलं. “बाळ गेलं म्हणू, की मी खोटं बोलले म्हणू?”

मी पोळीचा तुकडा मोडला.

“नाही. आधी बाळ. माझं नंतर.” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “उभ्यानं नाही सांगायचं. तिच्या कॉटवर बसते. सासू असेल तिथं. तिच्यापासून चोरून सांगायचं नाही, तिला आधी म्हणते की मी सांगणार आहे. शिव्या देईल. देऊ दे. ती रडली तर उगी उगी करायचं नाही. तुम्ही कुणाला करत नाही. मी बघितलंय.”

ती उठली. दारापाशी जाऊन वळली.

“तुम्ही जेवा सिस्टर. जेवून या आणि वॉर्डाच्या दारात उभ्या राहा. आत येऊ नका. मी पळून बाहेर आले तर मात्र आत जा.”

मौन मोडलं नसेल तर अन्न टाकून उठायचं नाही, हाही माझा नेम. पानात उरलेला ताकभात मी कसा संपवला ते माझं मला माहीत. डोळ्यांतलं पाणी डाव्या हातानं पुसत मी एकेक घास घेत राहिले. पान उचललं, हात धुतले आणि जवळजवळ धावतच बाळंतिणींच्या वॉर्डाकडं गेले.

वनिता अजून व्हरांड्यातच होती. सुंदराची सासू जंगुबाई खांबाला टेकून बसली होती आणि तिच्यावर उखडली होती.

“तू सांगशील, आन् तिला वात झाला मंग? तुला काय, तू पगारी बाई. आज हितं, उद्या तिकडं. निस्तरायचं कुनी?”

“आजी, ती मला वाटीत दूध काढून देतेय. सांगा, कुणाला पाजू?”

म्हातारीचं तोंड उघडं राहिलं. तिला वाटीचं माहीत नव्हतं. पदरानं नाक पुसून ती म्हणाली, “माह्या तोंडून निघना म्हनून तर म्या घरी सांगू म्हनलं. दोन दिस झाले, तिच्या तोंडाकडं पाहनं होत न्हाई.” मग सावकाश उठून उभी राहिली. “चल. म्या बी येते.”

त्या दोघी आत गेल्या. मी दारात थांबले. सुंदराची कॉट खिडकीशी, दारापासून जवळच. ती उशीला टेकून बसली होती. वनिताला पाहून तिचा चेहरा उजळला.

“पेलं?”

वनिता कॉटच्या कडेला बसली. तिचा आवाज मला इतका स्पष्ट कधी ऐकू आला नव्हता.

“सुंदरा, बाळ गेलं. परवाच गेलं. जन्मलं तेव्हाच त्याला श्वास नव्हता. मी खूप वेळ श्वास दिला. त्यानं घेतला नाही.”

सुंदरा तिच्याकडं बघत राहिली. “पेटीत हाय ना?”

“पेटी नाही इथं. मी खोटं बोलले. तुझं रक्त थांबत नव्हतं, मला तुझी भीती वाटली. पण नंतर सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. माझी हिंमत झाली नाही.”

सुंदरानं सासूकडं पाहिलं. जंगुबाईनं मान खाली घातली. समोरच्या कॉटवरची बाई आपल्या बाळाला घेऊन पाठ वळवून बसली.

सुंदरा रडली नाही. मला वाटलं, आता ती काहीतरी फेकेल, शिव्या देईल. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “पोरगा व्हता का पोरगी?”

“पोरगा.”

“कसा व्हता?”

माझा पाय आत पडायला निघाला, तो मी आवरला. उत्तर द्यायला कुणी दुसरं नव्हतंच. म्हातारीनं फक्त फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं उचललं होतं. त्या बाळाला धडपणे पाहिलेलं माणूस जगात एकच होतं.

“केस दाट होते,” वनिता म्हणाली. “लई दाट. कपाळावर आलेले. कानामागं तीळ होता, बारीक. नाक तुझं.”

“डोळे?”

“उघडले नाहीत.”

“जिता व्हता का थोडासा बी?”

“हो. त्याचं काळीज चालत होतं. मी बोट ठेवून बघत होते सारखं. हळूहळू चालत होतं. मग थांबलं. तोवर माझ्या हातातच होता. खाली ठेवला नाही मी त्याला. एकटा नव्हता, सुंदरा.”

तेव्हा ती रडली. आवाज आला तो पोटातून आला. वनितानं तिला जवळ घेतलं नाही, उगी म्हणाली नाही. नुसती बसून राहिली आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. जंगुबाई खाली बसली आणि सुनेची दोन्ही पावलं धरून कपाळाला लावत राहिली. वॉर्डातली बाळं तेवढी आपल्या आपल्यात कुरकुरत होती.

पुष्कळ वेळ गेला. वॉर्डातल्या आयाबाई गिरजामावशी भिजवलेली फडकी घेऊन आल्या. त्यांनी सुंदराच्या छातीवर ती ठेवली.

“माह्या पोटातच खोट व्हती का बाई?” सुंदरानं विचारलं.

“नाही. वार आधी सुटली. कधी कधी सुटते, का ते कुणाला कळत नाही. तू काही केलं नाहीस. काही करायचं राहिलंही नाही तुझ्याकडून.”

“आयकलं का आत्या?” सुंदरा सासूला म्हणाली.

“आयकलं माय,” म्हातारी म्हणाली. “गावात कुनी तोंड वर केलं त म्या हाय.” मग ती वनिताकडं वळली. “ती वाटी कुठी हाय?”

वनितानं फ्रिजमधून वाटी आणून दिली. जंगुबाईनं ती दोन्ही हातांत घेतली, वर पदर झाकला. “त्याचं हाय ते. त्याला देऊन येते,” म्हणाली आणि माझ्या बाजूनं, सांडू नये अशी पावलं टाकत, ओढ्याच्या दिशेनं निघून गेली.

वनिता उठायला लागली तशी सुंदरानं तिचा हात धरला.

“माह्या मायला कोन सांगंल?”

“कुठं असते आई?”

“घोटीगुड्याला. डोंगराच्या त्या अंगानं. तिचा पाय अधू हाय, येनं होत न्हाई. वाटंवर येऊन बसत असंल ती. बाजाराहून येनाऱ्या मानसाईकडून तिला अर्धंमुर्धं कळलं त ती म्हनंल, पोर बी गेली माही. जीव सोडंल.” तिनं हात घट्ट केला. “तूच सांग. जसं मला सांगितलं तसं. आधी म्हन सुंदरा जिती हाय. मंग लेकराचं. केसाचं बी सांग. तिच्या घरात समद्याईचे केस तसेच हायेत.”

“सांगते.”

“कवा?”

“आज. ड्यूटी संपली की.”

“तिला गोंडीच येती, मराठी लई समजत न्हाई बाई.”

“समजेल असं सांगीन.”

ती व्हरांड्यात आली तेव्हा मी तिथंच होते. मौन केव्हाच संपलं होतं, बोलायला मी मोकळी होते. पण म्हटलं ते भलतंच.

“उद्या लसीकरणाची जीप त्या बाजूला जाणार आहे गं. उद्या गेलीस तर?”

“आज म्हटलंय मी तिला.”

“वाट माहीत आहे?”

“विचारत जाईन.”

“येताना अंधार होईल.”

“तिथंच राहीन सिस्टर. ठेवून घेतील. मुलीकडून आलेय ना मी.” मग म्हणाली, “उद्या सकाळच्या पाळीला परत येते. उशीर झाला तर बोलू नका.”

सकाळची पाळी म्हणाली ती. उद्या गावी जाण्याचं तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. पुढं माझ्या हाताखालून किती पोरी गेल्या. कुणी पानापाशी येऊन रडली की माझी जीभ अजून वळवळते, आणि अजून मला वनिताचं ते “बोलू नका” ऐकू येतं.

त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर वनितानं एप्रन घडी करून खुंटीला लावला. पिशवीत पाण्याची बाटली घातली, छत्री घेतली. मी तिच्या पिशवीत दोन पोळ्या आणि गूळ ठेवला, तिनं नको म्हटलं नाही. पायऱ्यांवर गिरजामावशी फडकी वाळत घालत होत्या. त्या मूळच्या त्याच डोंगरातल्या.

“मावशी,” वनितानं चपलेचा पट्टा लावता लावता विचारलं, “गोंडीत दाट केसांना काय म्हणतात?”

मावशींनी सांगितलं.

“परत सांगा.”

मावशींनी परत सांगितलं. वनितानं तसं म्हणून पाहिलं. मावशींनी नाही अशी मान हलवली, जीभ कुठं लावायची ते तोंड उघडून दाखवलं. वनितानं पुन्हा म्हटलं. कपाळाला तीच आठी.

“आता जमलं,” मावशी म्हणाल्या. “आन् ‘जिती हाय’ कसं म्हनशील?”

“तेही सांगा. ते आधी म्हणायचंय.”

तेही तिनं शिकून घेतलं. मग फाटकातून बाहेर पडली आणि चहाच्या टपरीपाशी उजवीकडं वळली. ओठ हलत होते. ते दोन-चार शब्द तोंडात पुन्हा पुन्हा घोळवत ती डोंगराच्या वाटेला लागली.